रंगाआधी टाकीचं पोट बघा

जुन्या येझदी मोटरसायकलची पेट्रोलची टाकी रंगवून चकचकीत केली आणि महिन्याभरात गाडी पुन्हा बंद पडायला लागली, असं सांगणारं कुणी ना कुणी भेटतंच. टाकी सडते आतून. पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते तळाशी कॉकच्या (पेट्रोलच्या तोटीच्या) आजूबाजूला बसतं आणि पत्रा तिथूनच खायला सुरुवात करतं. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, तेही ओलावा ओढून घेतं. उभ्या गाडीचे हाल विचारू नका.

बाबांच्या येझदी रोडकिंगच्या टाकीला तळाशी अंगाचा साबण घासलेला होता. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, म्हणून गळती धरून ठेवतो. पण तो घरी पोचण्यापुरता.

ॲसिड ओतायला माझा जीव होत नाही, ते चांगला पत्राही खातं. मी विजेनं गंज काढतो. कॉकचं भोक बुजवायचं, टाकीत पाणी आणि धुण्याचा सोडा, मधोमध लोखंडी सळी, टाकीला कुठेही न टेकलेली. बॅटरी चार्जरचं ऋण टोक टाकीला, धन सळीला. सळी स्टेनलेसची अजिबात नको, त्यातून क्रोमियमचं विष पाण्यात उतरतं. बुडबुड्यांतून हायड्रोजन निघतो, म्हणून हे काम अंगणातच. सळीवर राप चढला की खरवडायची आणि पुन्हा सोडायची.

गंज निघाला की त्यानंच बुजलेली बारीक भोकं उघडी पडतात. वाईट वाटून घेऊ नका, ती आत्ता दिसली हेच बरं. ती बुजवायला पितळ वितळवून डाग (ब्रेझिंग) देण्याआधी मात्र एक गोष्ट जिवाची आहे: रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची, कारण आत पेट्रोलची वाफ आणि हवा दोन्ही असतात. आमचे गॅस वेल्डिंगवाले काका टाकी धुऊन घेतात, भोक वर येईल अशी ठेवतात आणि बोटभर जागा सोडून पाणी भरतात. मगच ज्योत लावतात. घरी हे करू नका.

आतून इपॉक्सीचा लेप द्यावा, असं बरेच जण म्हणतात. मला पटत नाही. खाली जरा गंज किंवा तेलकटपणा राहिला की लेप सुटतो आणि त्याचे पापुद्रे कॉकची जाळी बुजवतात. त्यापेक्षा टाकी कडक सुकवून लगेच आतून टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनाचं तेल) फिरवावं. पुढे गाडी उभी ठेवताना टाकी काठोकाठ भरलेली असू द्यावी.

आता टाकी पेंटरकडे जाईल. पोचे ठोकून काढ, लांबी (पुट्टी) कमीत कमी भर, एवढं त्याला सांगितलंय. रंग काळाच, बाबांचा तसा हट्ट आहे.