बिनविरोध नको होतं म्हणून

सुट्टीत साताऱ्याला गेले की मला एक प्रश्न हमखास येतो, आणि इकडे लंडनच्या महाराष्ट्र मंडळात कुणी ओळखीचं भेटलं तरी येतो. ऑक्सफर्डशरमधल्या ज्या खेड्यात आम्ही राहतो, तिथल्या पॅरिश कौन्सिलची, म्हणजे आपल्या भाषेत ग्रामपंचायतीची, निवडणूक मी २०२३ साली लढवली हे त्यांच्या कानावर गेलेलं असतं. मग विचारतात, "मानधन नाही, पक्ष नाही, पासपोर्ट अजून भारताचा. त्यांनी उभं राहू दिलं कसं, आणि तू उभी राहिलीस कशाला?" माझी आत्या तर एवढंच विचारते, "अगं, पण पॅनेल कुणाचं तुझं?" सगळेच विचारतात म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

उभं राहू दिलं, कारण कायदाच तसा आहे. भारत राष्ट्रकुलाचा सदस्य. ब्रिटनमध्ये रीतसर राहणाऱ्या राष्ट्रकुल नागरिकाला मतदार यादीत नाव घालता येतं आणि अगदी तिथल्या संसदेच्या निवडणुकीतही मत देता येतं. पॅरिश कौन्सिलला उभं राहायचं तर आमच्यासारख्यांकडे कायमच्या वास्तव्याची परवानगी हवी, वय १८ पूर्ण हवं, आणि गावाशी संबंध हवा. तो संबंध चार प्रकारांनी दाखवता येतो: गावच्या मतदार यादीत नाव असणं, मागचं वर्षभर गावात मालकीची किंवा भाड्याची जागा असणं, मुख्य कामधंदा वर्षभर गावातच असणं, किंवा वर्षभर गावात अथवा गावापासून तीन मैलांच्या आत राहिलेलं असणं. यातलं एक पुरे. सूचक एक, अनुमोदक एक, दोघंही गावचे मतदार. अनामत रक्कम नाही. त्या वर्षापासून इंग्लंडमध्ये मतदानाला फोटो असलेलं ओळखपत्र लागू लागलं, आणि त्यात राष्ट्रकुल देशाचा पासपोर्ट चालतो. मी भारतीय पासपोर्ट घेऊन गेले. केंद्रावरच्या बाईंनी फोटो पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि मतपत्रिका हातात दिली. त्यावर माझंच नाव छापलेलं होतं.

नावात 'पॅरिश' असलं तरी या कौन्सिलचा आज चर्चशी संबंध नाही. पूर्वी गावचा कारभार चर्चची सभाच पाहायची. १८९४ च्या कायद्याने तो तिच्याकडून काढून निवडून आलेल्या कौन्सिलकडे दिला, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पहिल्या निवडणुका झाल्या. या कायद्यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्याने विवाहित बायकांनाही गावात मत देण्याचा आणि निवडून येण्याचा हक्क दिला. संसदेच्या निवडणुकीत काही बायकांना मत मिळायला त्यानंतर १९१८ साल उजाडलं. म्हणजे इंग्लंडमधली शेतमजुराची बायको देशाच्या कारभारात यायच्या चोवीस वर्षं आधी गावच्या कारभारात बसू शकत होती. आपल्याकडे पंचायतीत बायकांना राखीव जागा देणारी ७३ वी घटनादुरुस्ती १९९३ साली लागू झाली आणि माझी आत्या राखीव जागेवरून पंचायतीत गेली. घरात तिची चेष्टा झाली, ती तरीही प्रत्येक मासिक सभेला गेली. सही करण्याआधी प्रोसिडिंग बुक पहिल्या पानापासून वाचून दाखवायला सांगायची. मी कौन्सिलचे कागद वाचते ते तिचंच बघून.

आता काम काय, तर दिसायला लहान. खेळाचं मैदान, झोपाळे, बाकं, कचऱ्याचे डबे, बस थांब्याची शेड, दफनभूमी, गावातले दिवे, आणि भाजीपाला लावायला भाड्याने मिळणारे जमिनीचे तुकडे, ज्यांना इथे अलॉटमेंट म्हणतात. गावात कुणी बांधकामाची परवानगी मागितली तर तो अर्ज कौन्सिलसमोर येतो. कौन्सिल मत नोंदवू शकतं, निर्णय वरच्या जिल्हा कौन्सिलचा. रस्त्यावरचे खड्डे आमच्याकडे नाहीत, ते त्याहून वरच्या काउंटी कौन्सिलकडे. शाळा, दवाखाना आमच्याकडे नाही. पगारी माणूस एक, क्लार्क. हिशेब, पत्रव्यवहार, नियम सगळं त्यांच्याकडे, आपल्या ग्रामसेवकासारखं. आमच्याकडच्या बाई अर्धवेळ आहेत आणि गावाचा गाडा त्यांच्यावर चालतो असं म्हटलं तर जास्त होणार नाही. पैसा येतो तो कौन्सिल टॅक्समधून, म्हणजे आपल्या घरपट्टीसारख्या करातून. पॅरिश दरवर्षी आपल्याला किती लागेल ते ठरवते, ती रक्कम गावातल्या घरांच्या करात मिळवली जाते आणि वसूल होऊन पॅरिशला मिळते. मोठ्या कौन्सिलांना कर एका मर्यादेपलीकडे वाढवायचा तर सार्वमत घ्यावं लागतं. पॅरिशवर ते बंधन आजवर घातलेलं नाही. म्हणजे संध्याकाळी गावच्या हॉलमध्ये बसलेली आमच्या कौन्सिलची नऊ माणसं हात वर करतात आणि गावातल्या प्रत्येक घराचा कर तेवढा वाढतो. ही नऊ माणसं कुणी निवडली, हा प्रश्न म्हणूनच मला लहान वाटत नाही.

आमच्या गावात ती कुणीच निवडलेली नव्हती. खुर्च्या नऊ आणि अर्ज नऊ किंवा त्याहून कमी आले तर मतदान होत नाही, सगळे बिनविरोध. उरलेल्या खुर्च्या कौन्सिल स्वीकृत सदस्य घेऊन भरतं. मधेच कुणी राजीनामा दिला तर जागा रिकामी झाल्याची सूचना लावली जाते. ठरलेल्या मुदतीत गावातल्या दहा मतदारांनी लेखी मागणी केली तरच पोटनिवडणूक, नाहीतर पुन्हा स्वीकृत. इंग्लंडमधल्या हजारो पॅरिशमध्ये असंच चालतं, आणि त्यात कुणाची लबाडी नसते. माणसंच पुढे येत नाहीत. आमचे कौन्सिलर मनापासून काम करणारे होते. पण त्यातले जवळपास सगळे जुन्या गावठाणातले, स्वतःच्या घरात राहणारे, निवृत्त. गावाच्या कडेला नवी वसाहत झाली होती, तिथे भाड्याने राहणारी तरुण कुटुंबं, हॉस्पिटलात पाळी करणाऱ्या नर्सेस, केरळचे, पोलंडचे, आमच्यासारखे. त्यांच्यातलं कुणी तिथे नव्हतं, आणि मतदानच होत नसल्यामुळे त्यांच्या दारात कधी कुणी काही विचारायलाही गेलेलं नव्हतं.

आपल्याकडे बिनविरोध म्हटलं की कौतुक होतं. गाव एक झालं, खर्च वाचला, भाऊबंदकी टळली. भांडणाने जळालेली गावं मी पाहिली आहेत, त्यामुळे त्या कौतुकामागची भीती मला कळते. पण बिनविरोधच्या पोटात काय काय असू शकतं तेही आपण पाहिलंय. जानेवारी २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबारमधल्या खोंडामळी इथल्या निवडणुका राज्य निवडणूक आयोगाने रद्द केल्या, कारण पदांचा लिलाव झाला होता. इंग्लंडच्या खेड्यात लिलाव होत नाही, तिथे नुसती उदासीनता असते. माझ्या लेखी परिणाम दोन्हीकडे एकच, मतदाराला कुणी विचारत नाही. मी उभी राहिले ती यासाठी. दहावा अर्ज पडला की मतदान घ्यावंच लागतं.

एकटीने उभं राहण्यापेक्षा दोघींनी राहावं म्हणून वसाहतीतल्या एका नर्सला विचारलं. तिच्या ड्युट्या बसेनात. शेवटी मी एकटीच. सूचक म्हणून सही दिली शेजारच्या आजोबांनी. वय ऐंशीच्या पुढे, जन्म गावातच. त्यांनी फॉर्म चष्म्याजवळ धरून ओळ न् ओळ वाचला, मतदार यादीतला स्वतःचा क्रमांक बरोबर आहे ना ते ताडून पाहिलं आणि मग सही केली. म्हणाले, "इथे मत द्यायला मिळेल असं वाटलं नव्हतं आता." अर्जाची मुदत ४ एप्रिलला दुपारी चारपर्यंत. अर्ज कागदावरच, आणि हातानेच पोचवावा लागतो. मी आदल्या आठवड्यात जाऊन दिला. विद्यमान नऊ जण पुन्हा उभे होते. मी दहावी.

त्यानंतर जे ऐकावं लागलं तेही लिहायला हवं. मतदान झालं की त्याचा खर्च जिल्हा कौन्सिल पॅरिशकडून वसूल करू शकतं, म्हणजे तो गावाच्याच करातून जातो. "एका खुर्चीसाठी गावाला खर्चात पाडलंस," असं मला दुकानात, रांगेत, सगळ्यांसमोर सुनावलं गेलं. त्या बाईंचा मुद्दा खोटा नव्हता. त्याच दिवशी जिल्ह्याचंही मतदान होतं, त्यामुळे केंद्र आणि कर्मचारी तेच, खर्च वाटला जाणार होता. मी ते सांगितलं. शिवाय जे सांगितलं ते आजही तसंच म्हणेन: झोपाळ्यांच्या देखभालीला आपण दरवर्षी पैसे देतो, चार वर्षांतून एकदा मतपत्रिकेलाही द्यावेत. त्यांना पटलं नाही. आजही पटलेलं नाही, आमचं बोलणं मात्र चालू आहे.

घरोघरी फिरले. परवानगी आहे का तुला, असं दोन-तीन दारांत विचारलं. राष्ट्रकुलाचा नियम सांगितला की विषय संपायचा. त्याहून जास्त वेळा विचारलं ते, पक्ष कोणता. पॅरिशला पक्षाच्या नावावर उभं राहता येतं, पण खेड्यांत बहुतेक जण अपक्षच असतात. आपल्या ग्रामपंचायतीतही पक्षाचं चिन्ह नसतं, पण पॅनेल असतं आणि पॅनेलमागे कोण आहे ते शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. इथे पॅनेल नव्हतं. प्रत्येकाने आपापल्या नावावर मतं मागायची.

नव्या वसाहतीत सगळ्यांचं म्हणणं एकच निघालं. बस थांब्यापासून वसाहतीपर्यंतची पायवाट. एका बाजूला कुंपणाची दाट झाडी, दुसऱ्या बाजूला शेत, आणि एक दिवा नाही. डिसेंबरात इथे चारलाच अंधारतं. रात्रपाळीला जाणाऱ्या बायका मोबाइलचा उजेड पायाशी धरून चालायच्या आणि बस दिसली की पळायच्या, कारण ती गेली तर पुढची तासाने. मी त्या वाटेने रोज जात होते, मला ते ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते गावठाणातलं. तिथल्या लोकांना गावात दिवे कमी आहेत याचा अभिमान होता. एका गृहस्थांनी मला मागच्या अंगणात नेऊन आकाश दाखवलं. इतक्या चांदण्या मी वाईजवळच्या आमच्या रानातच पाहिल्या होत्या. त्यांनी कुंपणात राहणाऱ्या वटवाघळांबद्दल सांगितलं. उजेडाने त्यांची वाट मोडते. हे म्हणणं चुकीचं नव्हतं, आणि मतदान नसतं तर ते ऐकायला मी त्यांच्या अंगणात गेले नसते, तेही पायवाटेबद्दल ऐकायला उभे राहिले नसते.

मतदान ४ मे रोजी झालं. दोन दिवसांनी राजा चार्ल्सचा राज्याभिषेक, त्यामुळे गावभर पताका लागलेल्या होत्या. मतदार नऊपर्यंत कितीही नावांपुढे फुली मारू शकत होता. मी निवडून आले. जे एक पडले ते सगळ्यात जुन्या कौन्सिलरांपैकी होते. मैदानाच्या कडेची लाइमची झाडं (नावावरून लिंबाच्या जातीची वाटतात, पण नाहीत) त्यांनी स्वतः लावलेली. त्याचं मला वाईट वाटलं, आणि निवडणूक म्हणजे हे असतं हेही मान्य आहे. पुढे एक जागा रिकामी झाली, दहा मतदारांची मागणी आली नाही, तेव्हा त्यांना स्वीकृत म्हणून घ्यावं असा प्रस्ताव मीच मांडला. बिनविरोधच्या विरोधात एवढं बोलून हे कसं, असं तुम्ही म्हणाल. त्या महिन्यात मी दहा सह्या गोळा होतात का ते पाहिलं होतं, उभं राहायला कुणी तयारच नव्हतं. आणि झाडांबद्दल त्यांच्याइतकं गावात कुणालाच कळत नाही.

पायवाटेचं काय झालं? वसाहत बांधताना बिल्डरला पायाभूत सुविधांसाठी जो आकार भरावा लागतो, त्यातला १५ टक्के वाटा पॅरिशला मिळतो, गावाने स्वतःचा विकास आराखडा सार्वमताने मंजूर करून घेतला असेल तर २५ टक्के. आमच्याकडे ते पैसे पडून होते. कराला हात न लावता काम होणार होतं. तरी वाद सभांमागून सभा चालला. सभेच्या सुरुवातीला गावकऱ्यांना बोलायला वेळ असतो, तिथे वसाहतीतल्या बायका पहिल्यांदा आल्या, काही तर ड्युटीच्या कपड्यांतच. शेवटी गुडघ्याएवढे बुटके दिवे ठरले. उजेड पिवळसर, फक्त वाटेवर पडणारा, शेवटची बस गेली की बंद. अंगणात चांदण्या दाखवणाऱ्या गृहस्थांनी विरोधात मत दिलं नाही, पण दिवे किती वाजता बंद व्हावेत ही ओळ ठरावात त्यांनी घालून घेतली.

दरवर्षी मार्च ते मे या काळात पॅरिश मीटिंग असते. ती कौन्सिलची सभा नव्हे, गावातल्या सगळ्या मतदारांची. आपली ग्रामसभाच. कायद्याने ती संध्याकाळी सहाच्या आधी सुरू करता येत नाही, म्हणजे कामावरून येणाऱ्यांना गाठता यावी. पुढची निवडणूक २०२७ च्या मे महिन्यात. ज्या नर्सच्या ड्युट्या बसत नव्हत्या तिने यंदा त्या सभेनंतर मला थांबवून विचारलं, फॉर्म कधी मिळतो. मी म्हटलं, फॉर्मला वेळ आहे, आधी पुढच्या सभेला ये. विषयपत्रिका तीन दिवस आधी हॉलबाहेरच्या फलकावर लागते, तिचा फोटो काढ, आणि ज्या विषयाचं तुला वाटेल त्याचे कागद क्लार्कबाईंकडे माग.