ते पित्त नव्हतं, ऊन होतं

आज जळगावला स्किनच्या डॉक्टरकडे जाऊन आले. परवा यावलला मामांच्या केळीच्या बागेत दुपारभर फिरले आणि रात्री दोन्ही हातांवर, गळ्याखाली बारीक लाल पुरळ, खाज अशी की डोळ्याला डोळा नाही, पण ब्लाउजची बाही होती तिथपर्यंतची कातडी एकदम साफ. मामी म्हणे पित्त उठलं, आमसूल लाव. डॉक्टर म्हणाल्या पॉलिमॉर्फिक लाइट इरप्शन, म्हणजे उन्हाने उठणारं पुरळ, धडधाकट माणसांनाही होतं, युरोप-अमेरिकेत तर शंभरात 10 ते 20 जणांना, बायकांना जास्त. हिवाळाभर झाकलेल्या अंगाला पहिलं कडक ऊन लागलं की उठतं, चेहऱ्याला रोजच ऊन लागतं म्हणून तो बहुतेकदा वाचतो. आणि लागण अजिबात होत नाही! घरात दोन दिवस माझा टॉवेल वेगळा ठेवला होता, फार लागलं मनाला. आल्या आल्या सगळ्यांना बसवून सांगितलं.