पिवळ्या पट्टीवरची चाल

मार्चचा पहिला आठवडा आला की मला घरी बसायला मिळत नाही. ४ तारखेला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो आणि चाकण, भोसरी, रांजणगाव अशी सगळीकडून कारखान्यांची बोलावणी येतात. मी मूळचा डोंगरातला माणूस. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत बेसिक आणि अ‍ॅडव्हान्स कोर्स केले, काही वर्षं लडाख-हिमाचलात तुकड्या नेल्या. गेली नऊ वर्षं तेच अनुभव लोकांसमोर मांडतो.

गेल्या वर्षीचं चाकणचं भाषण पॉवर प्रेसच्या, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या-वाकवणाऱ्या यंत्रांच्या, शॉपमध्येच होतं. पहिली पाळी सुटायची वेळ. प्रेसच्या रांगेशेजारी मोकळ्या जागेत सत्तरेक कामगार खुर्च्यांवर, उरलेले मागे उभे. मी नेहमीसारखा बोललो. थंडी, थकवा, शेवटचे शंभर मीटर, पाय उचलत नसताना टाकलेलं एकेक पाऊल, आणि शेवटी पडद्यावर शिखरावरचा तिरंग्यासोबतचा फोटो. ‘शेवटच्या क्षणापर्यंत सोडू नका’ म्हणालो. टाळ्या झाल्या.

प्रश्न विचारा म्हटल्यावर मागून एक काका पुढे आले. पन्नाशीचे, हातात टोपी. त्यांनी विचारलं, ‘‘सर, तुम्ही वर पोहोचला नाहीत, अशी एखादी गोष्ट आहे का?’’

आहे म्हटलं. पण तोवर ती मी कुठल्याच भाषणात सांगितली नव्हती. बोलावणाऱ्यांना शिखर हवं असतं, आणि मलाही तेच सांगायला आवडत होतं.

त्या दिवशी सांगितली. २०१७. लडाखमधलं स्टोक कांगरी, उंची ६,१५३ मीटर. २०२० मध्ये ते चढाईसाठी बंद केलं गेलं, तेव्हा खुलं होतं. आदल्या संध्याकाळी बेस कॅम्पवर जेवताना आम्ही दोन गोष्टी ठरवल्या होत्या. सकाळी आठला जिथे असू तिथून मागे फिरायचं. आणि सरळ रेषेत चालता आलं नाही तर घड्याळात कितीही वाजलेले असोत, तो माणूस खाली. मग प्रत्येकाला टाचेला चवडा लावत दहा पावलं चालवून बघितलं, म्हणजे धडधाकट असताना कोण कसा चालतो ते कळावं.

मध्यरात्री निघालो. साडेसातला वरच्या धारेवर होतो. आकाश निवळलेलं, शिखर समोर, फार तर पाऊण तासाची चाल. आमच्यातला सर्वांत तरुण मुलगा दोनदा अडखळला. थकला असेल, असं मलाही वाटलं. जरा सपाट जागा पाहून त्याला टाचेला चवडा लावून चालायला सांगितलं. तिसऱ्या पावलाला तो उजवीकडे झुकला, चौथ्याला मी धरला. सहा हजार मीटरवर समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा प्राणवायू मिळतो. मेंदूला सूज यायला लागली की आधी तोल जातो, आणि माणूस मात्र ‘मी ठीक आहे’ म्हणत राहतो. तोही म्हणत होता, ‘‘दादा, फक्त पाऊण तास. एवढं वर्ष याच्यासाठीच पळलोय.’’

बाकीच्यांना वर जाऊ देऊन त्याला तिथे बसवता आलं असतं. तसं केलं नाही. सगळी तुकडी खाली उतरली. पाचशे मीटर उतरल्यावर त्याचं बोलणं स्पष्ट झालं, चाल सुधारली. लेहपर्यंत तो माझ्याशी बोलला नाही. पुढे दोन वर्षं त्याचा फोन आला नाही.

काकांनी मध्येच थांबवलं. ‘‘चालून कसं बघता, ते दाखवा की.’’

शॉपमध्ये गँगवेची, म्हणजे ये-जा करायच्या वाटेची, पिवळी पट्टी होती. मी त्यावर टाचेला चवडा लावून चाललो. मग काका चालले. मग एकेक करून पंधरा-वीस जण. हसणं थोडं झालं, पण चालताना प्रत्येकजण गंभीर होता.

पट्टीच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून काका म्हणाले, ‘‘मंगळवारी माझ्या प्रेसचं पेडल एकदा दाबलं आणि रॅम, म्हणजे वरून दाब देणारा भाग, दोनदा खाली आला. मी प्रेस बंद केला. पाळीचा आकडा चुकला. सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली. आता तुमचं ‘शेवटपर्यंत सोडू नका’ ऐकलं, तर वाटायला लागलं, माझंच चुकलं.’’

शॉप एकदम शांत झालं. रॅम न सांगता दुसऱ्यांदा खाली येणं म्हणजे काय, हे तिथल्या प्रत्येकाला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. डायमध्ये, म्हणजे रॅमखालच्या साच्यात, हात असता तर बोटं उरली नसती.

मी म्हणालो, काका, तुम्ही बरोबर केलंत, आणि माझं वाक्य अर्धवट होतं. मला खरंच अपराधी वाटलं. ते वाक्य किती कारखान्यांत, किती जणांच्या कानांवर घातलं असेल मी. मग १९९६ चा एव्हरेस्ट सांगितला. १० मेला दक्षिण बाजूच्या तुकड्यांत दुपारी दोनपर्यंत मागे फिरायचं बोलणं झालेलं असतानाही काहीजण त्यानंतर वर पोहोचले, आणि उतरताना वादळाने गाठलं. त्या वादळात दोन्ही बाजू मिळून आठ जण गेले. त्यांत उत्तर बाजूचे इंडो-तिबेट सीमा पोलिसांचे तीन जवान होते. ती माणसं कच्ची नव्हती. शिखर इतकं जवळ दिसत असताना परत फिरायचं ठरवणं फार अवघड असतं. म्हणूनच ते आदल्या रात्री ठरवून ठेवायचं, डोकं ताजं असताना.

‘‘मग आमचंही पाळी सुरू व्हायच्या आधी ठरलं पाहिजे,’’ काका म्हणाले. ‘‘आकडा अंगावर आल्यावर कोण ठरवणार?’’

सुरक्षा अधिकारी तरुण होते. त्यांनी तिथल्या तिथे पांढरा फळा ओढून आणला आणि म्हणाले, सांगा. प्रेसवर उभे राहणारेच सांगत गेले. रॅम दोनदा आला तर. क्लचचा आवाज बदलला तर. हात आत जाऊ न देणारा गार्ड सैल असेल तर. अधिकाऱ्यांनी वर लिहिलं होतं, ‘असे आढळल्यास सुपरवायझरना विचारून प्रेस बंद करावा.’

काकांनी फळ्यापाशी जाऊन ते दोनदा वाचलं. मग त्यांच्या हातातला मार्कर मागून घेतला, ‘विचारून’वर काट मारली आणि वाक्य पुन्हा लिहिलं : ‘प्रेस बंद करून सुपरवायझरना सांगावे.’

अधिकाऱ्यांनी खाली सही केली. तेवढ्यात दुसऱ्या पाळीचा भोंगा झाला. आत येणारी माणसं आपापल्या प्रेसकडे जायच्या आधी फळ्यासमोर थांबून वाचायला लागली.