केळी घ्यायची, पण कार्बाइडची नाही

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल पट्ट्यात केळी न खाणारं घर शोधून सापडायचं नाही. पण कार्बाइडवर (कॅल्शियम कार्बाइडच्या पावडरीवर) पिकवलेली फणी जाणकार माणूस घेत नाही. हे नुसतं सोवळं नव्हे. कार्बाइडच्या पुडीला ओलावा लागला की ॲसिटिलीन वायू सुटतो आणि साल पिवळी पडते. या पावडरीत आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात. फळं पिकवायला ती वापरण्यावर देशात कायद्यानं बंदी आहे, तरी स्वस्त पडते म्हणून वापरणारे वापरतात.

ओळखताना मात्र फसगत होते. ‘देठ हिरवा, साल पिवळी, म्हणजे कार्बाइड’ हे सरसकट खरं नाही. चांगल्या रायपनिंग चेंबरमधून, म्हणजे फळं पिकवायच्या बंद खोलीतून, चौथ्या-पाचव्या दिवशी निघालेल्या मालाचीही टोकं हिरवी असतात. तिथे १६ ते १८ अंश तापमान, ९० टक्क्यांवर आर्द्रता आणि जास्तीत जास्त १०० पीपीएम (दहा लाख भाग हवेत १०० भाग) इथिलीन हा फळ पिकवणारा वायू, साधारण २४ तास. मग दार उघडून हवा खेळवावी लागते, कारण कोंडलेला कार्बन डायऑक्साइड पिकणं अडवतो. इथिलीनला घाबरायचं कारण नाही, पिकताना केळं स्वतःच ते सोडतं. लसणासारखा उग्र वास आला, तर मात्र फणी घेऊ नका, तिथेच सोडा.

इथेफॉन म्हणजे इथिलीन सोडणारं औषध; त्याच्या पाण्यात बुडवून काढलेला मालही नकोच. त्यापासून निघालेला वायू चालतो, फळाला औषध लागलेलं चालत नाही.

सगळ्यात खात्रीचं म्हणजे कच्ची फणी आणून घरी पिकवणं. बोट, म्हणजे फणीतलं एकेक केळं, भरलेलं हवं, कंगोरे गोल झालेले. कंगोरे धारदार असतील तर माल कोवळा कापलाय. तो पिकला तरी गोडी येत नाही. फणी कागदी पिशवीत घालून सोबत एक पिकलेलं केळं ठेवा, तोंड सैल दुमडा आणि रोज एकदा उघडून बघा. प्लास्टिकची पिशवी गच्च बांधली तर आत हवा कोंडते आणि केळी आंबतात.

खरी पंचाईत मे महिन्यात. ग्रँड नैन जातीच्या केळ्याची साल २४-२५ अंशांच्या वर नीट पिवळी होत नाही, गर मात्र मऊ पडतो. आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर, म्हणून उन्हाळ्यात हिरवट केळं कच्चं समजून परत करू नका. देठाजवळ हलकेच दाबून बघा. फणी माठाजवळच्या गार कोपऱ्यात ठेवा, फ्रिजमध्ये नको. १३ अंशांखाली साल काळवंडते, आणि कच्चं केळं नंतर बाहेर काढलं तरी धड पिकत नाही.