यंदाही माझी टीम गेंटिंगसाठीच बांधणार

प्रो सायकलिंग मॅनेजर या कॉम्प्युटर गेममध्ये माझ्या टीमचा 2031 चा सीझन परवा संपला. शेवटची रेस चीनमधली टूर ऑफ ग्वांग्शी. तिथे एकूण क्रमवारीत आमचा सगळ्यात पुढचा रायडर नववा आला. आता डिसेंबरअखेर जवळजवळ निम्म्या रायडरांचे करार संपतायत, स्पॉन्सरने बजेट थोडं वाढवून दिलंय आणि माझी वर्षातली सगळ्यात आवडती वेळ सुरू झालीय. रेस खेळताना मजा येतेच, पण टीम घडते ती या दिवसांत. कोण राहणार, कोण जाणार, पुढच्या वर्षी कुठे जीव तोडून पळायचं आणि कुठे नुसती हजेरी लावायची, सगळं आत्ताच ठरतं.

हा गेम ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: सायनाइड ही फ्रेंच कंपनी 2001 पासून ही मालिका बनवतेय. यात टीम चालवायची असते. प्रत्येक रायडरचे गुण आकड्यांत दिलेले असतात. डोंगर, छोटे चढ, सपाटी, स्प्रिंट (शेवटची वेगाची धाव), टाइम ट्रायल (एकट्याने घड्याळाविरुद्ध), उतार, दमसास, दुसऱ्या दिवशी किती सावरतो, असं सगळं. डोंगरात 80 च्या पुढे असलेला रायडर म्हणजे जगातल्या मोजक्यांपैकी एक. माझ्याकडे तसा कुणी नाही. सगळ्यात चांगला 75 चा आहे.

माझी टीम दुसऱ्या श्रेणीतली, म्हणजे प्रोटीम. खऱ्या नियमांनुसार प्रोटीमकडे किमान वीस रायडर लागतात, माझ्याकडे बावीस आहेत. हे बावीसच्या बावीस आशियातले. कझाक, जपानी, इराणी, मलेशियन, चिनी, मंगोलियन आणि दोन भारतीय. गेममध्ये असा काही नियम नाही, तो माझा आहे आणि मी तो मोडत नाही. बरेच लोक करिअर सुरू करताना आशियाई टीम घेतात, दोन सीझन खेळतात आणि मग एखादा कोलंबियन क्लाइम्बर, म्हणजे डोंगर चढणारा, एखादा इटालियन स्प्रिंटर आणून रँकिंग वर नेतात. खऱ्या जगातल्या आशियाई टीमही हेच करतात, कारण पॉइंट हवे असतात आणि युरोपात करार न मिळालेला अनुभवी रायडर परवडतो. त्यांची अडचण मला समजते. पण मला बघायचं असतं ते हे, की आशियातल्याच पोरांना हाताशी धरून कुठवर जाता येतं.

या सगळ्यात कॅलेंडर फार महत्त्वाचं, आणि आशियाई टीमचं कॅलेंडर युरोपातल्या टीमपेक्षा अगदी वेगळं चालतं. युरोपातल्यांचं वर्ष मार्चमध्ये तापतं, जुलैत टूर दी फ्रान्सला कळसाला पोचतं आणि ऑक्टोबरमध्ये लोंबार्डीची रेस झाली की बहुतेकांच्या सायकली धुऊन पुसून आत जातात. आमचं तसं नाही. जानेवारी-फेब्रुवारीत सौदी, ओमान, अमिरात. जुलैत चीनची टूर ऑफ छिंगहाय लेक. मग ऑक्टोबरात मलेशियाची लंकावी, जपान कप, ग्वांग्शी. म्हणजे वर्षात तीनदा फॉर्म वर न्यायचा, आणि तिन्ही ठिकाणी मागणी वेगळी.

फेब्रुवारीत वाळवंट. रस्ता सपाट, पण बाजूने वारा सुटला की घोळक्याचे तुकडे होतात आणि मागच्या तुकडीत अडकलेला क्लाइम्बर कितीही भारी असला तरी त्याची रेस तिथेच संपते. म्हणून अमिरातीला जाताना मी डोंगरवाल्यांपेक्षा सपाटीवर दम असलेले धिप्पाड कझाक गडी नेते. शेवटी जेबेल हफीतचा चढ असतो, पण तिथे मोठ्या टीमपुढे आमचा निभाव लागत नाही, हे मान्य करूनच मी यादी करते. जुलैत छिंगहाय. तिथे बरीचशी रेस समुद्रसपाटीपासून दोन-तीन हजार मीटर उंचीवर चालते, काही घाट त्याहून उंच. ऑक्टोबरात मलेशियाचा उकाडा आणि दमट हवा, आणि त्यात लंकावीतला गेंटिंग हायलँड्सचा चढ.

मी चाकणला एका कंपनीत प्रॉडक्शन प्लॅनिंगला आहे. रोजचं कामच हे, की कुठलं मशीन कधी भरायचं आणि कधी मोकळं ठेवायचं. त्यामुळे या कॅलेंडरवर मी मनापासून बसते. घरात जुनं झालेलं कालनिर्णय असतं, त्याच्या पानांच्या मागे प्रत्येक रायडरची एक ओळ आखते आणि त्याचे दोन चढ नि दोन उतार पेन्सिलीने काढते. तीनही मोसमांत एकच रायडर वर ठेवायला गेलं तर तो तिन्हीकडे अर्धामुर्धा राहतो. एकाला दोनच. बावीस रायडर लागतात ते यासाठी.

आता करारांचं.

खऱ्या सायकलिंगमध्ये 1 ऑगस्टपासून दुसऱ्या टीमच्या रायडरशी नवे करार जाहीर करता येतात, म्हणजे नोव्हेंबरपर्यंत चांगले मासे उचलले गेलेले असतात. माझं धोरण सोपं आहे. ऑगस्टमध्ये मी फक्त माझ्याच रायडरांशी बोलते. ज्यांना ठेवायचं त्यांना आधी ठेवायचं. मग नोव्हेंबरात जे सुटून राहिलेत, ज्यांना कुणी विचारलं नाही, त्यांची यादी काढायची. आशियातले तरुण बहुतेक त्याच यादीत असतात. गेममधल्या मोठ्या टीम रँकिंग बघून उचलतात, आणि इराणच्या तब्रीझला किंवा मंगोलियाच्या उलानबातरला कोण पोरगा कसा चढतोय ते रँकिंगमध्ये दिसत नाही. त्यासाठी स्काऊट पाठवावा लागतो. यंदा माझ्या बजेटचा मोठा वाटा स्काऊटवर गेलाय, आणि तो पैसा वसूल झाला.

कारण एक इराणी पोरगा सापडलाय. वय 20, डोंगर 70, सपाटीवर फारच कच्चा, टाइम ट्रायल विचारूच नका. पण सावरण्याचा आकडा 72. म्हणजे सलग आठ दिवस चढत राहिला तरी आठव्या दिवशी पाय तसेच. या आकड्याकडे फार लोक बघत नाहीत, मी पहिल्यांदा तोच बघते. त्याला तीन वर्षांचा करार दिला. तो मोठ्या टीमला हवासा होईपर्यंत दोन सीझन तरी माझ्याकडे राहील.

इराणी क्लाइम्बरवर माझा जीव आहे तो उगाच नाही. 1996 पासून चाललेली टूर दे लंकावी पहिल्यांदा आशियाई रायडरने जिंकली ती 2014 मध्ये. मीरसमद पूरसैयदी, तब्रीझ पेट्रोकेमिकल टीमचा. तोवर तिथे कोलंबियन, व्हेनेझुएलन, इटालियन, दक्षिण आफ्रिकन, अमेरिकन सगळे जिंकून गेले होते. आशियातली रेस, गर्दी आशियातली आणि वर पिवळी जर्सी घालून उभा राहणारा कायम बाहेरचा. 2014 ला ते बदललं. माझ्या टीमचं दरवर्षीचं उद्दिष्ट म्हणून मी लंकावी लिहिते ते म्हणून. स्पॉन्सरला जुलैत टूर दी फ्रान्सचं आमंत्रण हवंय. मिळालं तर जाऊ, पण माझे सगळ्यात चांगले आठ जण मी ऑक्टोबरसाठी राखून ठेवणार. फ्रान्सला एकविसाव्या दिवसापर्यंत ओढत नेलेला रायडर गेंटिंगला चढत नाही. गेल्या वर्षी एका टीमने तसं करून पाहिलं, त्यांचा कप्तान पायथ्यालाच मागे पडला.

आता ज्यावरून घरात वाद झाला ते. माझा जपानी कप्तान 35 वर्षांचा झालाय. डोंगरातला आकडा दोन वर्षांत चारने उतरला, स्प्रिंट तर कधीच नव्हता. पगार मात्र टीममध्ये तिसऱ्या क्रमांकाचा. धाकटा भाऊ शेजारी बसून बघत होता.

"ताई, याला अजून एक वर्ष देतेस? त्याच्या पगारात दोन तरुण येतील."

"येतील. त्यांना वाऱ्यातून पुढे कोण आणणार?"

"गेममध्ये कुणीही आणतं."

"कुणीही नाही आणत रे. याचा सपाटीचा आकडा बघ. 74. चार वर्षांत एकाने उतरलाय फक्त."

भावाला पटलं नाही. त्याला पटवायला मी ग्वांग्शीच्या चौथ्या स्टेजचा, म्हणजे चौथ्या दिवसाच्या टप्प्याचा, रिप्ले लावला. शेवटचे चाळीस किलोमीटर. कप्तान घोळक्याच्या उजव्या कडेला, त्याच्या चाकाला चिकटून, वाऱ्याच्या आडोशाला, आमचा मलेशियन स्प्रिंटर. दर वळणाआधी कप्तान दोन जागा पुढे सरकतो, वळण झालं की पुन्हा कडेला. त्याची ताकदीची पट्टी हळूहळू लाल होत जाते, स्प्रिंटरची हिरवीच राहते. शेवटच्या पाच किलोमीटरला कप्तान बाजूला होतो आणि निकालात 118 वा दिसतो. स्प्रिंटर सहावा. निकालाचं पान उघडून रायडर तोलणाऱ्याला हे कधी दिसणार नाही.

आशियाई सायकलिंगचा अर्धा इतिहास या 118 व्या जागेत आहे. 2014 च्या टूर दी फ्रान्समध्ये चिनी रायडर जी चेंग सगळ्यात शेवटी, 164 वा आला. विजेत्या निबालीपेक्षा सहा तासांहून जास्त मागे. बातम्या त्याच्या शेवटच्या नंबरच्याच झाल्या. पण तो टूर पूर्ण करणारा पहिला चिनी रायडर होता, आणि त्याचं काम होतं घोळक्यातून पुढे निसटलेल्यांच्या मागे दिवसभर घोळक्याच्या तोंडाशी वारा खात राहणं. त्याच्या टीमचा स्प्रिंटर मार्सेल किटेल त्या टूरमध्ये चार स्टेज जिंकला. त्या चारांत जी चेंगच्या पायांचा वाटा आहे. 2009 ला अराशिरो आणि बेप्पू, टूर पूर्ण करणारे पहिले जपानी, तेही कामाचेच रायडर. बेप्पू तर शेवटच्या दिवशी पॅरिसमध्ये शाँझेलिझेवर घोळक्यातून निसटून पुढे पळाला आणि त्या स्टेजचा सगळ्यात लढाऊ रायडर ठरला. म्हणून मला असा माणूस टीममध्ये हवाच असतो. पगार थोडा कमी करून कप्तानाला एक वर्ष दिलं. त्याला लंकावीत इराणी पोराबरोबर एकाच गटात ठेवणार, गेंटिंगच्या पायथ्यापर्यंत त्याने पोराला वाऱ्यात उघडं पडू द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम.

युरोपियन स्प्रिंटरची ऑफरही आली होती. म्हणजे एजंटनेच पाठवली. आकडे भुरळ पाडणारे, पगार आटोक्यातला. दोन स्टेज तर सहज मिळाल्या असत्या. मी नाही म्हटलं आणि तीच रक्कम मंगोलियन आणि मलेशियन अशा दोन पोरांच्या छिंगहायच्या उंचीवरच्या ट्रेनिंग कॅम्पला घातली.

सोडलं तिघांना. दोघांना इतर आशियाई टीमनी घेतलं, बरं वाटलं. तिसरा, एक कझाक, वय 27, त्याला कुणी विचारलं नाही. हे मनाला लागतं. गेम आहे, मान्य, पण तीन सीझन ज्याला रोज स्टार्टला उभं केलं त्याचं नाव यादीतून काढताना हात अडतो.

भारतीय दोघांबद्दल शेवटी लिहितेय कारण तिथे सगळ्यात जास्त काम आहे. दोघंही 62-63 च्या घरातले. मोठ्या रेसला नेले की पहिल्या चढाला मागे पडतात, आणि मागे पडून शिकण्यासारखं फार नसतं. त्यांना लहान रेस हव्यात. 2026 च्या जानेवारीत पुणे जिल्ह्यात पुणे ग्रँड टूर झाली, यूसीआय या जागतिक सायकलिंग संघटनेच्या 2.2 दर्जाची, म्हणजे खालच्या श्रेणीतली अनेक दिवसांची रेस, बाहेरच्या देशांतल्या टीम इथल्या रस्त्यांवर पळाल्या. माझ्या डेटाबेसमध्ये मी ती तेव्हाच घातली होती. या ऑफ-सीझनला स्टेज एडिटर उघडून तिला माझ्या मनाची एक स्टेज जोडतेय: खोपोलीहून जुन्या रस्त्याने बोरघाट चढून खंडाळ्याला फिनिश. मुंबई-पुणे सायकल रेसमध्ये याच घाटावर ‘घाटाचा राजा’ ठरायचा. आबा आम्हाला ते किस्से सांगायचे, कोण कुठे उठून उभा राहिला आणि कुणाची साखळी ऐन चढावर उतरली ते. त्यामुळे घाटाचा राजा ठरवणारी रेषा घाटातल्या शिंग्रोबाच्या देवळापुढे ओढलीय. एडिटरमध्ये वळणं जुळवताना फार वेळ जातो. उंची चुकली की रायडर भिंतीवर चढल्यासारखे दिसतात, म्हणून नकाशा शेजारी उघडा ठेवून एकेक बिंदू खालीवर करतेय. देवळाच्या वरचा टप्पा अजून हवा तसा बसलेला नाही.

वीस जणांचे करार झाले. दोन जागा मोकळ्या आहेत आणि स्काऊट सध्या उझबेकिस्तानात आहे. त्याचा अहवाल आला की एक जागा भरेन. दुसरी तिसऱ्या भारतीयासाठी ठेवलीय, 19 वर्षांचा आहे, चढावर 61, उतारावर 70. जानेवारीत त्याला बोरघाटाच्या स्टेजला उतरवते आणि बघते.