रविवारी मशीन चालू, मी घरी

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नव्याने धंद्यात पडलेल्यांचा मला हा ठरलेला प्रश्न असतो: "रविवारी कारखाना चालू असताना तुम्ही घरी कशा बसता? जीव थाऱ्यावर राहतो?"

आमचं भोसरी एमआयडीसीत छोटं मशीन शॉप आहे. सीएनसी, व्हीएमसी या संगणकावर चालणाऱ्या मशीनवर जॉबवर्क, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांचे सुटे भाग बनवून द्यायचे. बाहेरच्यांना नवल वाटतं, पण आमच्या भागात कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते. वीज कंपनी देखभालीची कामंही त्याच दिवशी काढते. त्यामुळे नवऱ्याला हिंजवडीत शनिवार-रविवार, मुलीच्या शाळेला रविवार आणि मला गुरुवार. तिघं एकत्र घरी असायला सणच उजाडावा लागायचा. त्यातही खंडेनवमीला मी मशीनला हार घालत भोसरीत!

म्हणून मी रविवार घरासाठी घेतला आणि गुरुवार धंद्याला दिला. गुरुवारी शॉपमध्ये चिटपाखरू नसतं. नवीन ड्रॉइंग निवांत बघायचं, सायकल टाइम (एका नगाला लागणारा वेळ) काढायचा, कोटेशन करायचं, पुढचं मशीन कोणतं घ्यायचं याचे मनसुबे रचायचे. धडाडी की काय म्हणतात ती मला त्याच दिवशी सुचते. बाकीचे दिवस निस्तरण्यात जातात.

रविवार मिळाला तो मात्र मामांमुळे. मामा म्हणजे आमचे सुपरवायझर. आधी त्यांचा हमखास फोन यायचा, "ताई, बोअर (भोकाचं माप) वाढत चाललाय. अजून टॉलरन्समध्ये (चालण्याजोग्या फरकात) आहे, पण काय करू?" मी तळजाई टेकडीच्या चढावर धापा टाकत ऑफसेट (मशीनला द्यायची मापाची दुरुस्ती) सांगायचे आणि मुलगी पुढे निघून गेलेली असायची. आता ठरलंय. सेटिंगनंतरचा पहिला नग मामा तपासणार आणि तेच पास करणार. माप कडेला सरकायला लागलं की मशीन थांबवायचं, इन्सर्ट (धातू कापणारं पातं) बदलायचा की ऑफसेट द्यायचा, हेही त्यांनीच ठरवायचं. डिस्पॅच लांबला तर गिऱ्हाइकाची बोलणी मी खाणार. हे शेवटचं कलम सगळ्यात महत्त्वाचं. अधिकार दिला आणि सोमवारी "मशीन का थांबवलं?" म्हणून झापलं, की पुढच्या रविवारी फोन आलाच समजा.

पण तेवढ्याने भागत नाही. आम्हा छोट्या मालकांची झोप कामापेक्षा वसुलीने उडते. जॉब बनवून दिला, बिल लावलं, आणि मग "साहेब मीटिंगमध्ये आहेत". कायदा खरं तर आपल्या बाजूने आहे. सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचं बिल लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि करार नसेल तर 15 दिवसांत चुकतं व्हायला हवं. आकारणी वर्ष 2024-25 पासून प्राप्तिकरातही (1961 च्या कायद्यात कलम 43बी(एच)) तशी तरतूद आलीये. मुदतीत पैसे दिले नाहीत, तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला तो खर्च दाखवून वजावट घेता येत नाही. मी प्रत्येक बिलावर उद्यम नोंदणी क्रमांक, म्हणजे आपण लघुउद्योग असल्याची सरकारी नोंद, ठळक छापते. मार्च जवळ आला की हल्ली समोरूनच फोन येतात. आणि जो वर्षानुवर्षं रडवतो त्याचं काम, मशीन रिकामं असलं तरी, घेत नाही. योगासनांपेक्षा याने जास्त शांत झोप लागते, असं माझं मत.

तासांचं म्हणाल तर 2023 मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांनी आठवड्याला 70 तास काम करावं असं म्हटलं, तेव्हा आमच्या गल्लीत चहाच्या टपरीवर दोन तट पडले. इन्फोसिस 1981 साली पुण्यातच सुरू झाली, त्यामुळे इथे त्यांचा शब्द जरा जास्त लागतो. नवं काही उभं करताना तेवढे तास जातात, खोटं कशाला बोला. माझेही गेलेत. पण तीच सवय होऊन बसली की अवघड. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 2021 मध्ये मांडलेला अभ्यास सांगतो, की 35 ते 40 तासवाल्यांच्या तुलनेत 55 किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे 35 टक्क्यांनी अधिक. कामगाराला कायद्याने आठवड्याला 48 तासांची मर्यादा आहे, वर दुप्पट ओव्हरटाइम. मालकाला ओव्हरटाइममध्ये बीपीची गोळी.

यावर पुढचा प्रश्न येतोच, "आणि गिऱ्हाईक तुटलं तर?"

तुटतं की. एकाने रविवारी दुपारी ड्रॉइंग पाठवून संध्याकाळपर्यंत भाव मागितला होता. मी सोमवारी सकाळी दिला, तोवर ऑर्डर शेजारच्या गाळ्यात गेली होती. शेजाऱ्याची मशीन आता रविवारी रात्रीही चालते. काम अंगावर आलं की त्यातले काही नग तो माझ्याकडेच पाठवतो, सोमवारी. भाव मात्र मी माझाच लावते.