डब्याची रिंग

रात्रीचे साडेदहा वाजलेत आणि मी सिंकपाशी उभी राहून मुलाच्या डब्याच्या झाकणातली ती रबरी रिंग चमच्याच्या दांडीने उचकटतेय. नाही काढली तरी कोणाला काही कळत नाही, डबा वरून चकाचक दिसतो, पण चार दिवसांनी झाकण उघडलं की आंबूस वास येतो आणि रिंगखालच्या खाचेत पिवळट काळी चिकट रेघ सापडते, मागच्या मंगळवारची डाळ की काय ती. खरं सांगू? आठवड्यातले चार दिवस मी ती काढतच नाही.

सिंकच्या वर चर्चमधून नाताळात मिळालेलं कॅलेंडर आहे आणि या महिन्याचं बायबलचं वचन नेमकं प्रेषित पौलाने कलस्सैच्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या पत्रातलं, कलस्सैकरांस 3:23, "जे काही तुम्ही करता ते माणसांसाठी म्हणून करू नका, तर प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा." जिवेभावे! 'मनापासून' म्हटलं की हल्ली बॅनरवरच्या 'मनापासून आभार'सारखं वाटतं, पण जिवाभावाची मैत्रीण आपल्याला एखादीच असते ना. मूळ ग्रीकमध्येही 'जिवातून' असंच आहे म्हणे.

हे वचन संडे स्कूलमध्ये पाठ केलेलं, बक्षीस म्हणून पेन्सिलही मिळाली होती, पण त्याच्या आधीचं वचन 'दासांनो' असं सुरू होतं हे तेव्हा कोणी सांगितलं नाही. म्हणजे हे गुलामांना लिहिलंय! मोठेपणी वाचलं तेव्हा मला जरा रागच आला. कारण मी आधी एका शाळेत होते तिथे रविवारी एक्स्ट्रा क्लास लावायचे आणि वर म्हणायचे, तुम्ही ख्रिस्ती लोक सेवाभावी असता ना मॅडम. दोन वर्षं उपासना बुडवून गेले मी. आणि वह्या कशा तपासल्या म्हणाल तर टिक, टिक, टिक, सही. राबले भरपूर, जिवेभावे म्हणावी अशी एक वही नाही त्यात.

पण पौलाला माफ करावंसं वाटतं, कारण तो नुसतं पत्रात सांगणारा नव्हता, स्वतः तंबू करायचा. बायबलमध्येच प्रेषितांची कृत्ये 18 मध्ये आहे, करिंथला अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्याकडे राहून, तिघांचा धंदा एकच म्हणून एकत्र काम करायचे. आता तंबूची शिवण कच्ची राहिली तर ती विकताना कळत नाही, पहिल्या पावसात कळते, आणि तोवर शिवणारा पुढच्या गावी गेलेला असतो. ज्याने हे काम केलंय त्यालाच 'माणसांसाठी म्हणून करू नका' सुचणार.

जिवेभावे म्हटलं की आपल्याकडे केडगावच्या पंडिता रमाबाई आठवतात. संस्कृत येत होतंच, तरी उतारवयात हिब्रू आणि ग्रीकशी झटापट करून अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं, साध्यासुध्या बायकांनाही वाचून कळावं म्हणून. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या आणि बायबल छापून आलं 1924 मध्ये. पण रमाबाईंचं नाव काढलं की मी अलगद सुटते, त्या कुठे नि मी कुठे. म्हणून मला आपलं डब्याचंच उदाहरण बरं, त्यातून सुटता येत नाही. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, लावदिकीया शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला 'कोमट' म्हटलंय, ना थंड ना गरम, आणि कोमट म्हणजे काय हे त्या टिक-टिकवाल्या वह्यांमुळे मला बरोब्बर माहितीय.

तर आज काढलीय रिंग. जुन्या टूथब्रशने खाचही घासली, मस्त निघाली. आता ती परत बसेना, एकीकडून दाबली की दुसरीकडून वर येते, उलटसुलट करून बघितली, तरी नाही. नवरा हॉलमधून विचारतोय, अगं झालं का? झालं झालं म्हणते आणि परत चमचा घेते, कारण ही अशीच राहिली तर उद्या डाळ दप्तरात.